अकरा पानांची संमती

खोलीची चावी देण्याआधी मान्यानं माझ्यापुढे करार ठेवला. वर लिहिलं होतं, ‘आवृत्ती १.०’. चहा आळीपाळीनं. पाहुणा आणायचा तर एक दिवस आधी सांगणे. पाणी न आल्यास भांडी माफ. आठवड्याभरात माझा टॉवेल त्याच्या दोरीवर वाळताना सापडला आणि १.१ आली.

माने, म्हणजे आमचा मान्या, आणि मी कायदा व माहिती तंत्रज्ञान अशी जोड-पदवी करत होतो, ऑनर्ससह. मी करमाळ्याच्या मराठी शाळेतून आलेलो, घरात कॉलेज बघणारा पहिलाच. सकाळी करारांचा कायदा, दुपारी कोडिंग. मला दोन्हींची धास्ती. मान्याला त्यांत फरकच दिसत नसे.

"अरे, दोन्हीकडं तेच. अमुक झालं तर तमुक. नाय झालं तर काय, ते कोण लिहीतच नाय. लफडं तिथंच होतं."

एवढ्या एका वाक्यावर मी पहिलं वर्ष पास झालो, हे कृतज्ञतेनं सांगतो.

मोबाईलवर कुठलंही ॲप घेताना तो अटी शेवटपर्यंत वाचायचा. आम्ही सिनेमाची तिकिटं काढून मोकळे, हा अजून कलम नऊवर.

शेवटच्या वर्षी आम्ही भाडेकरार सोप्या मराठीत वाचून दाखवणारं ॲप केलं. नवी मुंबईत, खांदेश्वरच्या आमच्या खोलीत ते पहिल्यांदा बोललं तेव्हा आम्ही असे नाचलो, की खालचे काका वर आले. त्यांनाही ऐकवलं.

परीक्षेत मात्र बाहेरच्या एका माणसानं ते वापरून दाखवायचं होतं, आणि त्याची लेखी संमती हवी होती. मान्यानं संमतीपत्र लिहिलं अकरा पानांचं. ते बघून खालचे काका गावी गेले. वॉचमन गेटवरून हलेना. परीक्षा दुपारी तीनला, आणि संमती नसेल तर प्रकल्प नापास.

"एक पान कर ना," मी चिडून म्हटलं.

"मग उरलेली दहा काय हौसेनं लिहिली?"

शेवटी परीक्षेच्या दिवशी दीड वाजता त्यानं वडिलांना फोन लावला. आबा एपीएमसी मार्केटात कांद्याच्या गोणी वाहतात. त्यांचा खाडा पडेल म्हणून इतके दिवस बोलावलं नव्हतं. अडीचला कॉलेजात हजर. शर्टाला कांद्याची सालं तशीच.

"कुठं सही करू?"

"आधी ऐका, आबा."

जिन्यात बसून मान्या वाचू लागला. कागदावर इंग्रजी, तोंडात घरचं मराठी. "तुमचा आवाज घेणार. तो तुम्हाला न विचारता कुणाला देणार नाय. नको वाटलं तर मधीच उठून जायचं. कोण काय बोलणार नाय."

तीनला दहा मिनिटं होती आणि पाच पानं उरली होती.

"आबा, सही करून टाका," मी म्हटलं.

आबा माझ्याकडे बघून हसले. "पोरा, आजवर लोकांनी बोट ठेवलं तिथं सही केली. वाचून कुनी दावलं न्हाई." मग मान्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "ते उठून जायचं हाय ना, ते परत वाच."

मान्यानं पान मागं उलटलं. ती ओळ तो पहिल्यापासून वाचू लागला.

मी उठलो आणि परीक्षक मॅडमकडे पाच पानांपुरता वेळ मागायला आत गेलो.