बोल्टाचे अभ्यंगस्नान

मोटारीचे चाक घरच्या घरी आपणच काढावे, हा विचार हनुमंतरावांच्या मनात नरकचतुर्दशीच्या सकाळी, अंगाला तेल लावून पाटावर बसलेले असताना आला. त्या आसनावर माणसाला सुचलेले विचार पाण्याबरोबर मोरीत वाहून जाऊ द्यावेत, एवढा विवेक त्यांच्यापाशी असता तर पुढचे काहीच घडले नसते.

गाडी जुनी होती. हनुमंतराव तिला जुनी म्हणत नसत, मुरलेली म्हणत. लोणावळ्यातल्या शाळेत कारकुनी करून घेतलेली ही एकच मोठी वस्तू त्यांच्या नावावर होती, आणि मळवलीच्या त्यांच्या घरासमोर, भाजे लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला अगदी लागून, ती धन्यासारखीच किंचित डावीकडे कलून उभी असे. दर दसऱ्याला ते तिची यथासांग पूजा करीत. इतर लोक गाडीपुढे दगड ठेवून त्यावर नारळ फोडतात; हनुमंतरावांना ते अर्धवट वाटे. प्रसाद यंत्राच्या पोटात गेला पाहिजे, या निष्ठेने ते नारळ थेट पुढच्या डाव्या चाकावर फोडीत; तेही खालच्या एका ठरावीक बोल्टावर, कारण तो जरा पुढे आलेला होता आणि नेम चुकत नसे.

यंदाच्या दसऱ्यापासून त्याच चाकातून जात्यात खडा सापडल्यासारखा आवाज येऊ लागला. गाडी स्टेशनपर्यंत गेली तरी वाटेतली कुत्री उठून उभी राहत.

त्यांची पत्नी रेणुका मितभाषी होती. तिने एकदाच सांगितले होते, "भाऊबीजेला ही गाडी आवाज न करता टाकव्याला पोहोचली, तर ठेवा. नाही पोहोचली, तर कैलास म्हणतो तशी भंगारात द्या. मागच्या वर्षी ओवाळणीचं ताट मांडीवर घेऊन मी कोंबड्यांच्या टेम्पोतून माहेरी उतरले. सगळ्या गावानं बघितलं."

कैलास हा तिचा धाकटा भाऊ. गाडीचा विषय निघाला की तो भंगारवाल्याचा नंबर आदराने वाचून दाखवी.

भाऊबीज मंगळवारी होती. कामशेतच्या गॅरेजवाल्याने दिवाळीनिमित्त कुलूप लावले होते. हनुमंतरावांनी मात्र मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. त्यात एका हसतमुख गृहस्थाने चहा गार होण्याच्या आत चाक काढून पुन्हा बसवले होते. (त्याचे बोल्ट त्याने आधीच सैल करून ठेवले असावेत, ही शंका हनुमंतरावांना फार उशिरा आली.)

"कपडे तरी घाला," रेणुका म्हणाली.

"ग्रीस लागेल," असे म्हणून हनुमंतराव पंचावरच बाहेर पडले. कानामागे उटणे तसेच होते.

चाकाला चार बोल्ट होते. तीन निमूटपणे निघाले. चौथा, नारळाचा मानकरी, हलेना. हनुमंतरावांनी पाना दोन्ही हातांनी ओढला. मग त्यावर पाय दिला. मग दोन्ही पाय देऊन ते त्यावर उभे राहिले, आणि सर्वांगाचा भार टाकण्याच्या हेतूने किंचित उडी मारली. पाना निसटला. हनुमंतराव कढीपत्त्याच्या झुडपात सापडले. बोल्ट जागीच होता, आणि त्याच्या मुद्रेवर कोणताही विकार नव्हता.

कुंपणापलीकडून शेजारचे कोंडाजी आबा दुधाची किटली घेऊन चालले होते. ते थांबले.

"हनुमंता, तितं काय करतुयास?"

"बोल्ट निघत नाही, आबा. गंजलाय."

आबांनी बराच वेळ पंचाकडे, मग चाकाकडे पाहिले. "आंगोळ झाली का त्येची?"

"कोणाची?"

"बोल्टाची. आज समद्यांची आसती. कोमट त्याल लाव, उटणं चोळ. त्येलाबी दिवाळी हाय की."

आबांनी आयुष्यात कधी हसून थट्टा केली नव्हती, त्यामुळे त्यांची थट्टा कोणती आणि सल्ला कोणता हे गावाला आजवर कळलेले नव्हते. हनुमंतरावांनी हा सल्ला धरला. तेलाने गंज सैल होतो, हे व्हिडिओतही होते. त्यांनी अभ्यंगाच्या उरलेल्या सुगंधी तेलाची वाटी आणली. धार बारीक पडावी म्हणून देवघरातली पळी आणली. चाकासमोर मांडी घातली आणि एकेक पळी तेल बोल्टाच्या माथ्यावर सोडू लागले. मध्येच कपाळ पुसताना कानामागचे उटणे डोळ्यांत गेले, म्हणून त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. पण हात थांबवला नाही.

आता हा देखावा रस्त्यावरून कसा दिसत होता, ते पाहिले पाहिजे. बॉनेटवर दसऱ्याचा झेंडूचा हार अजून होता. दारावर कुंकवाचे स्वस्तिक होते. रेणुकेने पहाटे फाटकापाशी लावलेली पणती वाऱ्यापासून वाचवण्यासाठी चाकाच्या आडोशाला सरकवली होती आणि शेजारी रांगोळी काढली होती. या सर्वांच्या मध्यभागी पंचा नेसलेला, अनवाणी, डोळे मिटलेला एक पुरुष लोखंडावर तेलाची धार धरून बसला होता. आणि त्या दिवशी शनिवार होता.

मारुतीच्या देवळाकडे निघालेल्या शालूबाई फाटकापाशी थबकल्या. ध्यानात बसलेल्या माणसाला काही विचारू नये, एवढी रीत त्यांना ठाऊक होती. त्यांनी चपला काढल्या, आपल्या बाटलीतले थोडे तेल बोल्टावर घातले, हात जोडले आणि पुढे जाऊन दोघींना सांगितले. त्या दोघींनी किती जणींना सांगितले, याचा हिशेब नाही. रेणुका मदतीला आली आहे, अशा समजुतीत हनुमंतराव मान डोलावून पुटपुटले, "घाल, घाल. अजून घाल." पुढच्या बाईने तो आशीर्वाद समजून वाटीभर घातले.

डोळे धुऊन ते परत आले, तेव्हा चाकापुढे रांग होती. दिवाळीच्या सुट्टीत लेणी पाहायला निघालेली एक मिनीबस रस्त्याकडेला उभी राहिली होती. तिच्यातून उतरलेल्या एका जाड्या गृहस्थाने बूट काढत नम्रपणे विचारले, "काका, काय आहे हे?"

"चाक आहे," हनुमंतराव म्हणाले.

"चक्र आहे," गृहस्थाने मागे वळून कुटुंबाला सांगितले. "किती जुनं?"

"बरंच. पण जागचं हलत नाही."

"स्वयंभू," गृहस्थ म्हणाला, आणि त्याच्या बायकोने पदर डोक्यावर घेतला.

हनुमंतरावांनी आता निर्धाराने पाना उचलला. शालूबाईंनी त्यांचा हात वरच्या वर धरला.

"भाऊ, पाना खाली ठिवा. लोकं अनवाणी हुबी हाईत आन् तुमी डोक्यात लोखंड घालायला निगालाय."

"शालूबाई, तो माझ्या गाडीचा बोल्ट आहे."

"व्हय की. न्हाई कोन म्हनतंय? तुमच्या दारात आला, ह्ये तुमचं नशीब. आता बाजूला व्हा, सावली पडतीया."

हनुमंतराव बाजूला झाले. रेणुका उंबऱ्यात चकलीचा सोऱ्या हातात धरून हे सर्व पाहत होती.

"तू तरी सांग त्यांना," ते काकुळतीने म्हणाले.

"काय सांगू? आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या गाडीपाशी कोणी हात जोडून उभं आहे." मग आत वळताना ती म्हणाली, "तळणाचं तेल तेवढं नेऊ नका."

रविवारी कैलास आला. पान्याच्या दांड्यावर चढवून जोर लावायला त्याने कारखान्यातून पुरुषभर लांबीचा पाइप आणला होता, आणि चेहऱ्यावर भंगारवाल्याचा नंबर तयार होता. मोटारसायकलवरून उतरताच तो म्हणाला, "दाजी, एका हिसक्यात काढतो. नाही निघाला तर तो बोल्टसुद्धा किलोवर जाईल."

हनुमंतरावांना मेहुण्याचे आगमन इतके सुखद कधीच वाटले नव्हते. पाइप खांद्यावर घेऊन कैलास चाकाकडे गेला. रांगेतल्या एका बाईने त्याला चपला काढायला लावल्या. दुसरीने पाइप कडेला ठेवायला लावला. तिसरीशी तो काही बोलला. मग तो बराच वेळ बोल्टाकडे पाहत उभा राहिला. आणि मग तो रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

"कैलास, अरे, पाइप," हनुमंतराव म्हणाले.

"हळू बोला, दाजी." त्याने इकडेतिकडे पाहिले. "कारखान्यात पर्मनंट करायचं अडलंय. एकदा तेल घालून बघतो. तुमचं काय जातंय?"

त्या संध्याकाळी लक्ष्मीपूजन झाले. पंचक्रोशीत सर्वांत मोठा हार बोल्टाला पडला.

सोमवारी, पाडव्याच्या पहाटे, गाव अजून उटण्यात असताना हनुमंतराव आपल्याच गाडीकडे चोरपावलांनी गेले. हार बाजूला केला, हात जोडले (ते का जोडले, हे त्यांनाही सांगता आले नसते), आणि पाना लावला. दोन दिवस अहोरात्र तेल प्यायलेला बोल्ट गूळ पाघळावा तसा फिरला आणि त्यांच्या ओंजळीत येऊन पडला. त्यांचे डोळे भरून आले. गाडी जॅकवर उचलून चाक बाहेर ओढताच आतून आणखी एक वस्तू खळकन खाली पडली. ती त्यांनी पणतीच्या उजेडात धरून पाहिली.

करवंटीचा तुकडा होता. एका कडेला दसऱ्याचे कुंकू लागलेले. दुसरी कड घासून घासून आरशासारखी झालेली.

हनुमंतरावांनी चाकाच्या मागच्या फटीकडे पाहिले. तिच्यातून त्यांचा हात सहज आत जात होता. आवाजाचे कारण काढण्यासाठी एकही बोल्ट सोडवण्याची गरज नव्हती, हे सत्य त्यांनी एकट्याने, उभ्याने पचवले. मग तुकडा रुमालात गुंडाळून खिशात घातला, चाक तीन बोल्टांवर बसवले, आणि चौथा लावणार, एवढ्यात मागून शालूबाईंचा आवाज आला.

"द्येव कुटं गेला?"

हनुमंतरावांनी मूठ उघडली. शालूबाईंनी मुठीतल्या बोल्टाकडे पाहिले, चाकाच्या रिकाम्या भोकाकडे पाहिले, आणि त्या गहिवरल्या. "आपनहून उतरला. बसून बसून पाय अवघडलं असतील."

उजाडल्यावर फाटकाबाहेरच्या करंजाखाली एका सपाट दगडावर बोल्टाची स्थापना झाली. तो परत मागण्याचे धैर्य हनुमंतरावांना झाले नाही.

मंगळवारी गाडी निघाली. कामशेत गेले, कान्हे फाटा गेला. चाकातून हूं की चूं नाही. हनुमंतराव एका हाताने गाडी चालवत होते, आणि प्रत्येक गतिरोधकानंतर रेणुकेकडे पाहत होते. टाकव्यात शिरताना त्यांनी कारण नसताना हॉर्न वाजवला. कैलास अंगणात उभा होता. त्याने वाकून चाकाला कान लावला आणि उठून म्हणाला, "मानलं, दाजी. मेकॅनिकनं हात टेकले असते." सासूबाईंनी जावयाच्या पाठीवरून हात फिरवला. लग्नानंतर हे दुसऱ्यांदा घडत होते.

कैलास पाटावर बसला. रेणुकेने ताट घेतले. ओवाळून घेताना डोके झाकावे लागते, आणि कैलासची टोपी कोणाला सापडेना.

"दाजी, रुमाल द्या तुमचा."

कौतुकाने माणूस किती गाफील होतो, ते पाहा. हनुमंतरावांनी ऐटीत खिशातून रुमाल काढला, झटकून उलगडला, आणि करवंटीचा तुकडा ओवाळणीच्या ताटात सुपारीशेजारी खणकन पडला.

रेणुकेने तो उचलला. कुंकवाची कड पाहिली. घासलेली कड पाहिली. मग नवऱ्याकडे पाहिले.

"हा कुठं होता?"

"चाकात."

"दसऱ्यापासून?"

हनुमंतराव छताचे वासे पाहू लागले. कैलास पाटावरून उठू पाहत होता, त्याला ताटाने दाबून तिने पुन्हा बसवले, शांतपणे ओवाळले, आणि मग ती म्हणाली, "आवाज न करता पोहोचली तर ठेवा, असं मीच म्हणाले होते. पोहोचवलंत. मी शब्द मोडणार नाही. गाडी राहू दे."

संकट टळले होते. येथे थांबता आले असते. पण सासूबाईंना राहवेना. "एवढं लेकीला सुखरूप आणलं गाडीनं," त्या म्हणाल्या, "तिच्यापुढं नारळ तरी फोडा." कैलासने नारळ आणून दाजींच्या हातात दिला.

"दगडावर," रेणुका म्हणाली.

"अर्थात," हनुमंतराव म्हणाले. त्यांनी दगडाकडे पाहिले. दगडच त्यांच्या मनात होता, हे त्यांनी पुढे अनेकदा शपथेवर सांगितले. पण इतक्या दसऱ्यांची सवय मनात नसते, मनगटात असते. हात वर गेला, खाली आला, आणि डाव्या चाकाच्या रिकाम्या भोकाच्या कडेवर नेमका बसला. नेम उत्तम होता. प्रसाद एकदाचा यंत्राच्या पोटात पोहोचला.

परतीच्या वाटेवर कान्हे फाटा येण्यापूर्वीच जाते सुरू झाले. रेणुका मांडीवर रिकामे ताट घेऊन सरळ समोर पाहत होती.

"पुढची भाऊबीज वर्षानं आहे," ती शेवटी म्हणाली. "तोवर मी बोलत नाही."

ती बोलली नाही. बुधवारी नाही, गुरुवारी नाही. फटीतून हात घालून हनुमंतरावांनी पाहिले. पण या खेपेस तुकडा असा रुतला होता की चाक काढावेच लागणार होते, आणि उरलेल्या तीन बोल्टांपैकी एकही आता हलत नव्हता.

शनिवारी सकाळी ते हातात तेलाची वाटी घेऊन करंजाखालच्या रांगेत उभे राहिले. रांग मोठी होती. पुढे शालूबाई ज्याची त्याची अडचण विचारून ज्याला त्याला उपाय सांगत होत्या. कैलासचे काम झाल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली होती, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला आता वजन आले होते.

"तुमचं काय, भाऊ?"

"चाकातून आवाज येतोय," हनुमंतराव खालच्या आवाजात म्हणाले.

शालूबाईंनी डोळे मिटले, क्षणभर विचार केला आणि सांगितले, "सोप्पं हाय. नारळ फोडा. चाकावर."