संस्कारगडाची चौथ आणि रविवारचा रस्सा

श्रीगणराय प्रसन्न. श्रीकुलस्वामिनी प्रसन्न. श्रीखजिना मात्र अप्रसन्न. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, ज्येष्ठ मासी शाळा उघडावयाचे सुमारास जे राजकारण सुरू जाहले आणि माघ मासी ज्याचा निकाल लागला, ते वर्तमान येथे जैसे घडले तैसे लिहिले आहे. लिहिणार कोण हे कोणी पुसो नये. त्याच इमारतीचे तळमजल्यास राहणार, तिसरे मजल्यावरील चुलीचा वास जिन्याने खाली उतरतो तो नित्य हुंगणार, आणि कोणाचे मीठ खाल्ले असेल तर याच राज्याचे, इतके पुरे.

तिसरे मजल्यावर एक राज्य होते. मुलूख म्हणजे दोन खोल्या, एक मुदपाकखाना आणि एक गॅलरी, तीत तुळस आणि गॅसची रिकामी टाकी शेजारी शेजारी नांदत. राज्याचे धनी दिग्विजयराव. नाव थोर, परंतु पतसंस्थेत काचेमागे बसून लोकांची पासबुके भरून देणे हीच त्यांची स्वारी. पतसंस्था पगार वेळेवर देत असे, पुरेल इतका देत नसे. घोडदळ म्हणाल तर एक बुलेट, तिजवर बसून राव निघाले म्हणजे गल्लीतील कुत्री उठून उभी राहात. वडील आबासाहेब गॅलरीत बसून दोन्ही डोळ्यांतील मोतीबिंदूंसह राज्यावर नजर ठेवीत. आणि राज्याचे खरे बळ म्हणजे राणीसाहेब वैजयंताबाई. या बाई दर रविवारी मटणाचा तांबडा आणि पांढरा रस्सा रांधून डबे विकीत, आणि दुपारपर्यंत शहरातून सरदार, वकील, डॉक्टर डबे घेऊन जिन्यात रांग धरीत. परंतु बाईंचे माहेरचे दैवत जोतिबा, आणि रविवार जोतिबाचा, म्हणोन त्या दिवशी बाईंचा उपास. रस्सा रांधावा, परंतु जिभेस लावू नये. मग मीठ कोणी पाहावे? तर ते काम राजकन्येचे. राजकन्या ईश्वरी, वय वर्षे सात. बाईंनी पळीतून थेंब घ्यावा, फुंकर घालून तिचे तळहातावर सोडावा, तिने चाटावा आणि डोळे मिटून निवाडा द्यावा, आणि तो निवाडा आजवर कधी चुकला नाही. आम्ही खाल्ले आहे, आम्हांस ठाऊक.

ऐसे सर्व सुरळीत असता रावांचे साडूंचे घरी बारसे निघाले. तेथे साडूंचा मुलगा पंक्तीत उभा राहून डोळे मिटून संस्कृत श्लोक म्हणता जाहला, आणि स्त्रीपुरुषांनी वाहवा केली, आणि पुरणपोळी वाढली जात असता आमची राजकन्या सर्वांस ऐकू जाईल ऐसे म्हणाली, "मम्मी, ह्यात मटान कुठं हाय?" पंक्त हसली. राव हसले नाहीत. साडूंनी रावांचे पाठीवर हात ठेवून म्हटले, "पोरगी गोड हाय. जरा संस्कार पायजेत." तो हात रावांचे पाठीवरून पुढे कित्येक महिने उठला नाही. मग रावांनी घरी येऊन जाहीर केले की, राजकन्या यंदा महापालिकेचे शाळेत जाणार नाही, संस्कारगडावर जाणार.

हा संस्कारगड म्हणजे शहराबाहेर नवे बांधलेले गुरुकुल. पुढे संगमरवरी गोमुख, मागे गोशाळा, मध्ये वातानुकूलित यज्ञशाळा. तेथील प्रधानाचार्य वागीशजी, चेहरा हसतमुख, बोलणे मधाळ. तेथे प्रवेशासाठी मुलांची परीक्षा घेत नाहीत, आईबापांची घेतात. वागीशजींनी पुसले, "घरी काय शिजते?" राव म्हणाले, "वरणभात, पालेभाजी." मग पुसले, "शुल्क कोठून भराल?" राव म्हणाले, "पत्नीचा लहानसा गृहउद्योग आहे. मसाल्यांचा." मग पुसले, "मसाले सात्त्विक?" आणि राव बेधडक म्हणाले, "कांदालसूणविरहित." वैजयंताबाई त्या समयी छतावरील पंख्याकडे पाहात राहिल्या. मग घर सात्त्विक ठेवू ऐशा शपथेच्या कागदावर उभयतांच्या सह्या घेतल्या आणि तह जाहला.

तहाची कलमे ऐकावी. मुख्य फी म्हणजे चौथ. नावाला चौथ, वसुलीत अर्धे राज्य. तिचेवर सरदेशमुखी म्हणोन विकासनिधी, तो ऐच्छिक, परंतु न दिल्यास मूल मागील बाकावर. मग गोग्रासपट्टी, समिधापट्टी, आणि सोवळ्याचे गणवेशाची पट्टी, ते सोवळे गडावरील दुकानीच घ्यावे, बाहेरचे घेतल्यास विटाळ. पहिले हप्त्यात बुलेट गेली आणि राव बसच्या रांगेत उभे राहू लागले, तेथे त्यांस कुत्रीही ओळखीनात. दुसरे हप्त्यात आबासाहेबांचे दोन डोळ्यांपैकी एकाचे ऑपरेशन जाहले आणि दुसऱ्याचे पुढे ढकलले. आबासाहेब म्हणाले, "ऱ्हाऊ दे. एका डोळ्यानं बी नात अख्खी दिसती." बाकी सर्व भार रश्श्यावर आला. बाईंनी रविवारचे पातेले बदलून मोठे आणले, आणि मग बुधवारीही चूल पेटवली. गडावरील यज्ञात जे तूप जळत होते ते आमचे जिन्यातील रांगेतून येत होते, परंतु हे गडास ठाऊक नव्हते. किंवा ठाऊक करून घ्यावयाचे नव्हते.

इकडे राजकन्या बदलू लागली. प्रथम 'मम्मी'ची 'माताश्री' जाहली. मग 'हाय'चे 'आहे' जाहले. मग एके रविवारी बाईंनी पळीत थेंब घेऊन हाक मारली तो राजकन्येने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि म्हणाली, "ते तामसी असते, माताश्री." बाई म्हणाल्या, "बरं बाई, नको." आणि रावांस म्हणाल्या, "पोर शिकतीया." परंतु पळी बराच वेळ तशीच हातात होती. मग मिठाचा कारभार आबासाहेबांकडे गेला. आबासाहेबांस रक्तदाबापायी डॉक्टरांनी मीठ तोडलेले, त्यांस साधे पाणीही खारट लागे, आणि ते दर वेळी म्हणत, "लई झालं, लई झालं." परिणामी त्या सालात रस्सा असा अळणी उतरू लागला की जुने गिऱ्हाईक डबा उघडून मीठ मागू लागले. आम्हीही मागितले. बाईंनी वाटीत मीठ दिले, परंतु आमचेकडे पाहिले नाही.

पुढे माघ मासी गडावर मातृपूजनाचा उत्सव निघाला. मुलांनी आईचे पाय धुवावे, मग आईने मुलास आपले हाते तूपभाताचा पहिला घास भरवावा, ऐसा विधी, आणि त्याची पट्टी निराळी. उत्सव नेमका रविवारी. बाईंनी त्या दिवशी चूल बंद ठेवली, गिऱ्हाईकांच्या शिव्या फोनवर ऐकून घेतल्या, पहाटे न्हाल्या, पेटीतील लग्नाचा शालू नेसल्या, आणि उपाशी पोटी राव आणि राजकन्येसह बसने गडावर गेल्या. मांडव भव्य, आया पाटांवर बसलेल्या, साडूसाहेब सहकुटुंब पहिले रांगेत. राजकन्येने आईचे पाय धुतले ते फार मन लावून धुतले, टाचेच्या भेगांत बोट घालून धुतले, आणि बाईंचे डोळे भरून आले. इतक्यात ध्वनिक्षेपकावरून आज्ञा जाहली की आता घास भरवावा. बाईंनी घास उचलला. राजकन्येने ओठ घट्ट मिटले. बाई हळू म्हणाल्या, "आ कर की गं." आणि राजकन्या म्हणाली, "माताश्री, तुमच्या हातचे नको. तुम्ही मटण शिजवता. जो हात मांसाला लागतो त्या हातचे खाऊ नये, गुरुजींनी सांगितले आहे." ध्वनिक्षेपक जवळच होता. त्याने ते सर्व मांडवास सांगितले. पहिले रांगेत साडूसाहेबांनी मान खाली घातली, कारण दर रविवारी एक डबा त्यांचेही घरी जात असे.

तेव्हा वागीशजी स्वतः लगबगीने आले. रागावले नाहीत, उलट अधिकच हसले, आणि म्हणाले, "घाबरू नका, माताजी. प्रत्येक दोषाला परिहार आहे. लहानसा होम करू, शुल्क नाममात्र." ऐसे म्हणताच एका सेवकाने काळ्या ठिपक्यांचे यंत्र चिकटवलेली पाटी पुढे धरली. हे यंत्र मोबाईल दाखवताच द्रव्य ओढून घेते, त्यास मंत्र लागत नाही. दिग्विजयरावांनी मोबाईल काढला. वैजयंताबाई म्हणाल्या, "थांबा जरा. गुरुजी, एक इचारू?" वागीशजी म्हणाले, "अवश्य." बाई म्हणाल्या, "जूनपासनं फी घेताय, ती कशातनं आली ठावं हाय? ह्यांच्या पगारात तुमच्या फाटकाला रंग बी बसायचा न्हाई. सगळी रश्श्यातनं आली. ती परत देणार काय?" वागीशजी म्हणाले, "द्रव्य अर्पण होताच शुद्ध होते, माताजी. दोष अन्नाला लागतो, आणि हाताला." बाई म्हणाल्या, "म्हंजे ह्या हातानं तुम्हास्नी दिलं की शुद्ध, आणि माझ्या लेकीला भरवलं की तामसी." वागीशजी म्हणाले, "आपण विषय समजून घेत नाही आहात." मग बाई उठून उभ्या राहिल्या. "आज रविवार," त्या म्हणाल्या, "माझा जोतिबाचा उपास असतोय, लग्नाच्या आधीपासनं. सकाळधरनं घोटभर पाण्यावर हाय. दर रविवारी शिजिवते, पर कधी थेंब तोंडात घातला न्हाई. तेवढं लिवायला तुमच्या कागदावर जागा नव्हती." इतके बोलून त्यांनी घास ताटात परत ठेवला, राजकन्येचा हात धरला आणि निघाल्या. दिग्विजयरावांनी एकदा यंत्राकडे पाहिले, एकदा साडूंकडे पाहिले, आणि मोबाईल खिशात घालून बाईंचे मागोमाग चालू लागले. उभ्या आयुष्यात त्यांनी केलेला रणसंग्राम तो हाच, आणि आम्ही तो मोठा मानतो.

बसथांब्यावर राजकन्येने पुसले, "तुमचा उपास असतो हे शाळेत का नाही सांगितले?" बाई म्हणाल्या, "शाळंला कशाला? ज्याचा हाय त्याला ठावं हाय की."  त्या सांजेस राजकन्या जेवली नाही, आणि बाईंनीही उपास सोडला नाही.

दुसरे दिवशी बाई दाखला आणावयास गडावर गेल्या. दाखल्यावाचून महापालिकेची शाळा दारात उभे करीत नाही, आणि बाकी फेडल्यावाचून गड दाखला देत नाही. बाकीत न जाहलेल्या होमाचेही शुल्क धरले होते, कारण समिधा मोडून ठेवल्या होत्या. आबासाहेबांचे दुसरे डोळ्यासाठी ठेवलेले पैसे होते, ते गरम मसाल्याचे बरणीमागे गुंडाळून ठेवलेले, तेच बाईंनी काढून दिले. नोटा पुढे ठेवताच गडाच्या खजिन्याचे सारे दालन लवंग, दालचिनी आणि मसाल्याच्या खमंग वासाने भरून गेले. खजिनदाराने नोटा नाकाशी नेल्या, मोजल्या, आणि ठेवून घेतल्या.

मग पुढचा रविवार आला. रस्सा उकळीस आला, जिन्यात रांग लागली, आणि बाईंनी सवयीने आबासाहेबांस हाक मारली. आबासाहेब काठी शोधीत उठेपर्यंत राजकन्या मुदपाकखान्याचे दारात येऊन उभी राहिली आणि तिने तळहात पुढे केला. बाईंनी पळी उचलली नाही. म्हणाल्या, "तामसी असतं." राजकन्येचे डोळे डबडबले, परंतु हात काही मागे घेतला नाही. तेव्हा बाईंनी पळीत थेंब घेतला, फुंकर घातली, पुन्हा फुंकर घातली, आणि सोडला. राजकन्येने चाटून डोळे मिटले. "मम्मी," ती म्हणाली, "मीठ कमी हाय. लई कमी हाय." बाईंनी मीठ घातले, परंतु डोळे लेकीकडे होते, आणि त्या रविवारी रस्सा खारट जाहला. रांगेतील एकानेही तक्रार केली नाही. आम्ही दोन वाट्या मुकाट्याने प्यालो.

येणेप्रमाणे मोहीम संपली. बुलेट परत आली नाही, आबासाहेबांचा दुसरा डोळा अद्याप वाट पाहातो आहे, आणि राजकन्येस श्लोक पाठ आहेत ते ती रस्सा उकळेपर्यंत म्हणते. गड जागचे जागी आहे, गोमुखातून पाणी वाहाते आहे, आणि यंदा चौथ आणखी वाढवली ऐसे ऐकतो. इकडे मीठ बरोबर आहे.