आत्याची आडणी

अन्याय सिद्ध व्हायला किमान दोन माणसं लागतात: एक सोसणारा आणि एक करणारा. पैकी पहिला कुठेही मुबलक मिळतो. दुसरा मात्र कोणत्याच घरात जन्माला आलेला नाही, असा आजवरचा कार्यालयीन अनुभव आहे.

हा अनुभव गाठीशी जमवायला ऐतिहासिक अन्याय निवारण कार्यालयाला अकरा वर्षं लागली. परक्यांच्या राजवटीत ज्यांची माणसं गलबतात कोंबून समुद्रापार गुलाम म्हणून विकली गेली, त्यांच्या वंशजांना भरपाई मिळवून देणं हे कार्यालयाचं काम. खिडक्या दोन. पहिलीवर पाटी, ‘ज्यांच्या पूर्वजांनी सोसले’. दुसरीवर, ‘ज्यांच्या पूर्वजांनी केले’. पहिलीची रांग जिना उतरून, सायकल स्टँडला वळसा घालून समोरच्या दवाखान्यात शिरत असे. (तिथले तीन रुग्ण चुकून अर्ज भरून गेले. त्यांचेही पूर्वज सोसलेलेच निघाले.) दुसऱ्या खिडकीत कारकून बसे. अकरा वर्षांत त्याच्याकडे चार माणसं आली. दोघांना स्वच्छतागृह हवं होतं, एकाला सुटे, आणि चौथा पंखा दुरुस्त करायला आला होता.

इतकी निवांत जागा अख्ख्या खात्यात नव्हती, आणि कारकुनाने तिचं सोनं केलं. त्याने सहा स्वेटर विणले.

मग परिपत्रक आलं. जुन्या राज्यकर्त्यांना तीन वेळा विचारणा झाली होती. त्यांनी तिन्ही वेळा तीव्र खेद कळवला, आणि दोष त्या काळाचा होता असंही कळवलं. (काळाचा पत्ता कळवला नाही.) सबब, करणारा आढळून येत नसल्यास अन्याय आपोआप घडला असे समजावे, आणि महिनाअखेर पाच वाजता प्रकरण बंद करावे. म्हणजे त्रेचाळीस हजार अर्ज रद्दीत.

महिनाअखेरीला पहिल्या रांगेत कारकुनाची आत्या उभी होती. लग्न न करता माहेरीच राहिलेली, पोरक्या भाच्याला वाढवलेली, रांगेचा चार वर्षांचा अनुभव असलेली बाई. पिशवीत गरम पातेल्याखाली ठेवायची घरची आडणी होती. तळहाताएवढं लोखंडी कडं, मधे दोन अक्षरं, मूठ कधीतरी कापून टाकलेली. मागे एक गवंडी उभा होता.

“काय रे, हात हलवत आलास? घरातलं काहीतरी जुनं आणावं की!”

“घरातलं काय आणू, मावशी? पणजोबालाच नेलं होतं ना.”

आत्याला त्याची कीव आली. पुराव्याशिवाय अर्ज घेत नाहीत (नियम सात), एवढं ज्याला कळत नाही त्याला भरपाई देऊन तरी काय उपयोग, असं तिचं मत पडलं.

तिचा नंबर लागला. आतल्या, पुरावे तपासणाऱ्या तज्ज्ञाने आडणीला भिंग लावलं.

“माणसांना डागायचं लोखंड आहे हे,” तो म्हणाला.

“तेच तर! माझ्या पणजोबांना डागलं हो ह्याने! साठ वर्षं मी ह्याच्यावर गरम पातेलं ठेवतेय. आणि बघा, अक्षरंसुद्धा आमच्याच घराण्याची!”

तज्ज्ञाने भिंग खाली ठेवलं. “आजी, ज्याला डागतात त्याच्याकडे डाग उरतो. लोखंड डागणाऱ्याच्या घरी राहतं. अक्षरंही त्याचीच असतात. दोन नंबरला जा.”

हे मागे रांगेत ऐकू गेलं. मग पिशव्यांच्या चेन ओढून बंद केल्याचे आवाज आले. कोणाची चांदीच्या मुठीची पूर्वजांची ‘काठी’ होती, कोणाची गलबतावरची घंटा, कोणाची बेड्यांची जोडी चाव्यांसकट. चार वाजेपर्यंत रांगेत एकोणीस माणसं उरली. सगळी रिकाम्या हातांची, म्हणजे नियम सातप्रमाणे अपात्र.

आत्याने दुसऱ्या खिडकीत आडणी आपटली.

“बाळ्या,” (कारकून सत्तावन्न वर्षांचा होता) “लिही, भंगारात सापडली.”

“आत्या, हिच्यावरच्या पातेल्यातलं जेवून मोठा झालो मी.”

“मग? उपाशी ठेवलं का तुला? आता बुडव घराण्याचं नाव!”

कारकुनाने तिच्या खांद्यावरून पाहिलं. गवंडी पहिल्या खिडकीला कोपर टेकून उभा होता. “साहेब, पाचला दहा कमी आहेत,” तो म्हणाला. एवढंच.

अकरा वर्षांत दुसऱ्या खिडकीच्या नोंदवहीची पानं एकमेकांना चिकटली होती. ती सोडवून कारकुनाने पहिल्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं. नातं: खापरपणतू. सही करायला तो खिडकीबाहेर आला (अर्जदाराने आत बसणे नियमबाह्य), आणि शिक्का मारायला पुन्हा आत गेला.

करणारा सापडल्यामुळे प्रकरण बंद झालं नाही. नियम सातवर समिती बसली आहे. गवंडी दर मंगळवारी येतो. आत्या भाच्याशी बोलत नाही, जेवायला मात्र वाढते. आडणी शहानिशेनंतर परत मिळाली आणि पातेल्याखाली गेली. टेबल जळतं ना.

दुसरी खिडकी रोज दहा ते पाच उघडी असते. रांग मुळीच नाही. वहीत दुसरी ओळ कोरी आहे. तुम्ही त्या दिवशी पिशवी घेऊन घाईघाईने जिना उतरलात, तेव्हा हे सांगायचं राहून गेलं. आज जेवताना पातेलं उचलून खाली काय आहे ते तेवढं बघा. गरम आहे म्हणता? असू द्या. निवेपर्यंत कारकून थांबेल. त्याने सातवा स्वेटर विणायला घेतला आहे.