पास वसूल होईपर्यंत

सप्टेंबरच्या शालेय सुट्टीत आमच्या कुटुंबाने एक दिवस मजा करावी, असा प्रस्ताव माझी बायको ब्रॉन्विन हिने स्वयंपाकघरात मांडला आणि मी त्याला तत्त्वतः मंजुरी दिली. प्रस्तावाच्या मुळाशी होती आमची साडेचार वर्षांची हेटी. गोल्ड कोस्टच्या मलेट पार्कमधली वॉम्बॅट गाडी तिने टीव्हीवर पाहिली होती. वॉम्बॅट म्हणजे आमच्या ऑस्ट्रेलियातला, अस्वलाच्या पिल्लासारखा गुबगुबीत प्राणी. त्याच्या तोंडाचं इंजिन, मागे चार-पाच डबे आणि तळ्याभोवती एक फेरी. तिला तेवढ्यातच बसायचं होतं. सात वर्षांच्या फर्गसचं मत मागवलं असता, चिप्स मिळणार असतील तर आपली हरकत नाही, असं त्याने कळवलं.

तिकिटांचं काम माझ्याकडे येणं ओघानेच आलं, कारण मी गावच्या पालिकेत खरेदी खात्यात आहे. बसथांब्यासाठी एक बाकडं घ्यायला आमच्या खात्याला इतका वेळ लागला की तोवर बसच बंद झाली. पण बाकडं स्वस्तात पडलं, हे विरोधकही मान्य करतात.

एका दिवसाचं तिकीट पाहून माझे डोळे पांढरे झाले. त्याच्या शेजारीच वर्षभराचा पास होता. माणशी दोन सॉसेज रोलचे पैसे वर टाकले की वर्षभर रोज जा.

"पण आपल्याला एकच दिवस जायचंय," ब्रॉन्विन म्हणाली.

"तिथेच तर गोम आहे. एकदा गेलो तर पास महाग पडतो. वीसदा गेलो तर जवळजवळ फुकट."

"आणि गेलोच नाही तर?"

ब्रॉन्विन शाळेत चित्रकला शिकवते. हिशेब हा तिचा प्रांत नाही. मी चार पास घेतले.

पहिल्या दिवशी फाटकातून आत शिरताच हेटी वॉम्बॅट गाडीकडे धावत सुटली. वाटेत एक मोजकाठी रोवलेली होती आणि तिच्यावर एकशे दहा सेंटिमीटरला पिवळी रेघ. रेघेच्या खाली असलेल्यांना वॉम्बॅट गाडी, रेघेच्या वर गेलेल्यांना 'चक्रीवादळ' नावाचा मोठा पाळणा. मी तिथल्या तिथे गणित मांडलं. असली गाडी तर कुठल्याही जत्रेत असते, पासाचे पैसे फिटणार ते चक्रीवादळातच.

"बाबा, वॉम्बॅट?"

"पुढच्या वेळी, हेटू. आपला वर्षाचा पास आहे. वॉम्बॅट काय पळून जातोय?"

मी आणि फर्गस दिवसभर चक्रीवादळाच्या रांगेत उभे राहिलो. हेटी आणि तिची आई टोप्या सांभाळत बसल्या. येताना गाडीत मी वसुलीचा आढावा घेतला, तेव्हा हेटीच्या नावापुढे भोपळा होता. सहा सेंटिमीटरांसाठी सबंध पास पडून राहत होता. पालिकेत अशा मालमत्तेबद्दल चौकशी लागते.

मग हेटीचा विकास आराखडा तयार झाला. सकाळी दूध, दुपारी चीज, संध्याकाळी मागच्या अंगणात दांड्याला लोंबकळणं. दर शनिवारी दोन तास गाडी हाकत आम्ही मोजकाठीपाशी हजर. जाड तळव्यांचे गमबूट, आत टाचांखाली दोन पट्ट्या, डोक्यावर उंच बुचडा.

"टाचा उचल," मी हेटीच्या कानात सांगत असे, "पण चेहरा असा ठेव, की उचलल्याच नाहीत."

काठीवर शेरिल नावाच्या बाई असत. "बूट काढ गं राणी," त्या म्हणत. "आणि साहेब, बुचडा आम्ही धरत नाही."

"अहो, ती मोठी आहे."

"होईल की. घाई कसली आहे?"

या मोहिमेत सासूबाईंची सत्तरी बुडाली. हेटीचा पोहण्याचा वर्ग बुडाला. शेजाऱ्यांनी बार्बेक्यूला बोलावणं सोडून दिलं. एका शुक्रवारी फर्गसने विचारलं, "बाबा, उद्या आपण सुट्टी घेऊन घरी राहू या का?"

"घरी राहणं पासमध्ये समाविष्ट नाही," मी म्हणालो.

दर वेळी निघताना हेटी एकदा विचारायची, "आज वॉम्बॅट?" आणि दर वेळी उशीर झालेला असायचा.

पास संपायच्या शनिवारी हेटी अनवाणी काठीला टेकली आणि रेघ तिच्या माथ्याच्या केसभर खाली आली. शेरिलबाईंनी तिच्या सदऱ्यावर चांदणी चिकटवली. मला तर बढती मिळाल्यासारखं झालं.

"चल, चक्रीवादळ!"

हेटी वर बघत राहिली. वरून माणसांच्या किंकाळ्या येत होत्या. "नको बाबा, मला भीती वाटते. आता वॉम्बॅट?"

एवीतेवी पासाचा शेवटचा दिवस. मी उदार झालो. "बरं, चल. आज वॉम्बॅट."

काठी तीच, बाई त्याच. मी काही सांगायच्या आत हेटी काठीला टेकली, तिने हळूच गुडघे वाकवले, मान खांद्यांत ओढून घेतली आणि चेहरा असा ठेवला, की वाकवलेच नाहीत.

"ताठ उभी राहा गं," शेरिलबाई हलकेच म्हणाल्या.

"बाबा, मी अजून थोडी खाली जाऊ शकते," हेटी मला म्हणाली.

"डब्यात गुडघे अडकतात, राणी. नियम आहे."

"अहो, लहान आहे ती," मी म्हणालो.

"साहेब, वर्षभर तुम्हीच मला सांगत होतात, मोठी आहे म्हणून."

गाडी तळ्याकडे निघाली. हेटीने डब्यातल्या अनोळखी मुलांना हात हलवून टाटा केला. ती रडली नाही. रडू मला आलं आणि ते लपवायला मी फाटकापर्यंत पासच्या अटी वाचत चाललो.  ब्रॉन्विनने टोप्या गोळा केल्या.

गाडीतळावर फोन वाजला. पासचं नूतनीकरण आजच्या आज केल्यास खास सवलत. ज्या माणसाने आत्ताच एवढं पाहिलं, तो काय करील? मी चार पास घेतले.

आता तुम्ही मला नावं ठेवत असाल. खुशाल ठेवा. पण सवलत किती होती, हे मी मुद्दामच सांगितलेलं नाही, आणि तुम्हाला ते विचारायचं आहे.