गजभिये काका आणि गाडीतला संडास

गजभिये काकांकडे पाहुणा आला, की त्याला चहाच्या आधी संडासाचा वास घ्यावा लागे. घरातल्या नव्हे, गाडीतल्या.

सौंसरला आमच्या गल्लीत, कडुलिंबाखाली ही गाडी उभी असे. एके काळी ती पांढुर्ण्याच्या एका शाळेची पोरं नेत असे. शाळेने भंगारात काढली आणि काकांनी घरी आणली. काका तहसीलमध्ये साहेबांची जीप चालवून रिटायर झालेले, त्यामुळे गाड्यांची त्यांना भीती नव्हती. पुढच्या सीटा त्यांनी ठेवल्या, मधे दिवाण टाकला आणि मागे पत्र्याची खोली करून त्यात पांढराशुभ्र कमोड बसवला. गाडीच्या पोटाखाली टाकी बांधली.

"जयभीम, या या. चप्पल राहू द्या पायात," म्हणत काका पाहुण्याला दारातूनच वळवत. "लावा नाक. खरं सांगजा, मन राखू नोका."

मतदार यादी तपासायला आलेल्या एका बाईंनाही त्यांनी सोडलं नाही. बाई आत गेल्या, बाहेर आल्या आणि घरात किती माणसं ते न विचारताच पुढच्या दारी गेल्या. "वास आला असंन," काका खिन्न होऊन म्हणाले, आणि त्याच दुपारी टाकी धुवायला बसले.

टाकीचा वास हा त्यांचा ध्यास होता. आमच्याकडच्या उन्हात बंद टाकी काय करते, ते सांगायला नको. आधी त्यांनी फिनाईल ओतलं. त्याने गल्लीला सरकारी दवाखान्याची कळा आली. मग अगरबत्त्या लावल्या, तर शेजारच्या आजी कसली पूजा म्हणून विचारायला आल्या. मग हंगामात पोतंभर संत्र्याच्या साली टाकल्या. त्या आतल्या आत कुजल्या, माश्या झाल्या आणि आठवडाभर आम्ही खिडक्या लावून बसलो.

प्रयोगासाठी टाकी भरलेली लागे. ती भरायचं काम काका स्वतः करत. रोज सकाळी पेपर घेऊन ते घरातून निघत आणि गाडीत चढत. जाणारे-येणारे म्हणत, "काय काका, निघाले काय गावाले?" काका आतून ओरडत, "पोचलो!"

मोबाईलवर पाहून पाहून त्यांना एकदाचं उमगलं, की फिनाईलने टाकीतले चांगले जंतूच मरतात. मग शेतकरी संत्र्याच्या बागेला देतात तसं गूळ, बेसन आणि शेणाचं पाणी त्यांनी टाकीत सोडलं. टाकी भरेपर्यंत खालची तोटी उघडायची नाही आणि प्रत्येक वेळी बादलीभर पाणी टाकायचं, असा नियम केला. टाकीपासून टपाच्या वर उंच पाईप काढला. "हवा वर, पाणी खाली, माणूस मधात," हे वाक्य ते नमस्कारासारखं म्हणू लागले. मी इथल्या शाळेत शिकवतो, म्हणून माझ्या नाकावर त्यांचा जास्त भरवसा. "मास्तर, तुमी पेपर तपासता. हेही तपासून द्या." मी गुण देत गेलो. गुण वाढत गेले.

"पण काका, जायचं कुठं?" मी विचारत असे.

"रामाकोन्याले," ते म्हणत.

रामाकोना इथून इतकं जवळ, की संडासाची गरज लागायच्या आत माणूस पोचतो. गल्ली खूप हसली. मी मात्र फार हसलो नाही, कारण बसमधली गोष्ट माझ्या बायकोने मला सांगितली होती.

काकांच्या बायकोचं, कमलकाकूंचं, नागपूरला आतड्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण पोटावर ताबा राहिला नाही. तपासणीहून परत येताना भर बसमध्ये व्हायचं ते झालं. लोकांनी खिडक्या उघडल्या, नाकाला रुमाल लावले. कंडक्टर विचारू लागला. आणि शेजारी बसलेले काका मोठ्याने म्हणत राहिले, "कुठं वास येऊन राहिला? मले तर नाही येत बाप्पा!" सगळी बस हसली. काकूंनी पदर तोंडावर ओढला तो सौंसर येईपर्यंत काढला नाही. त्यानंतर त्या कोणत्याच गाडीत बसल्या नाहीत. लग्नांना नाही, मुलीच्या बाळंतपणाला नाही. रामाकोन्याला त्यांची म्हातारी आई खाटेला खिळली होती आणि लेकीचं नाव घेत होती, तिच्याकडेही नाही.

शेवटी एका रविवारी सकाळी काकू गाडीत बसल्या. काका आदल्या दिवशी माझ्याकडे येऊन गेले होते. "मास्तर, तुमी पाहिजे संगं." मी शेजारधर्म म्हणून गेलो. काकू दिवाणावर अंग चोरून बसल्या होत्या, हातात आईसाठी नवं लुगडं. काका गाडी इतकी हळू चालवत होते, की सायकलवाले पुढे जात होते.

रामाकोन्याला आईने लेकीचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. "किती वाळली वो बाई!" एवढंच म्हातारी पुन्हा पुन्हा म्हणत होती. काकू तिच्या उशाशी बसून राहिल्या. मधेच दोनदा उठून गाडीत जाऊन आल्या. कोणी पाहिलं नाही, कोणी काही म्हटलं नाही. निघताना त्या मायलेकी रडल्या, पण ते साधं, माहेरचं रडणं होतं.

परतीच्या वाटेवर काका खुशीत होते. एका संत्र्याच्या बागेच्या कडेला त्यांनी गाडी थांबवली. काकू मागच्या खोलीतून बाहेर आल्या, दार लावलं आणि हळूच विचारलं, "वास येते काय हो?"

काका माझ्याकडे पाहू लागले. मी मान हलवली. मग ते म्हणाले, "नाही, बिलकुल नाही."

काकू थबकल्या. "तुमी मास्तरच्या तोंडाकडे काहून पाहून राहिले? तुमाले नाक नाही काय?"

काकांनी स्टेअरिंगवरचा हात काढला. "नाही," ते म्हणाले.

"म्हंजे?"

"कोरोनात गेलं. ताप उतरला, पण वास काही परत नाही आला. ना चांगला, ना वाईट."

"आन् माह्या भाजीचा वास? रोज तं म्हणता, मस्त फोडणी बसली म्हणून!"

"तुले बरं वाटावं म्हणून म्हणो. तू चूल फुकून फुकून करशीन, आन् मी म्हणू काय, मले काही समजत नाही?"

"मंग बसमधी..."

"खरंच नाही आला मले. मी खरंच बोलून राहिलो होतो, कमल."

काकू दिवाणावर बसल्या. मी खाली उतरू लागलो, पण दार काकूंच्या बाजूला होतं. मी तिथेच खिडकीबाहेर झाडं पाहत राहिलो.

काकूंच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तो ऐकवेना. "मले वाटलं, माह्यासाठी खोटं बोलले. वाटलं, ह्या माणसाले रोज हा वास सहन करा लागते आन् हा बोलत नाही. म्हणून मी घरी मांगच्या खोलीत झोपाले गेली. इतके वर्स मी एकटी झोपून राहिली, ते काहून मंग?"

"मले वाटे तू माह्यावर नाराज हायेस," काका म्हणाले. "बसमधी लोकं हसले म्हणून. म्हणून मी बलावलं नाही."

काकांनी गाडी सुरू केली. काकू उठल्या, दोन सीटांच्या मधून वाकत पुढे आल्या. मी माझी सीट त्यांना दिली आणि मागे दिवाणावर जाऊन बसलो. सौंसर येईपर्यंत काकूंचा हात गिअरवरच्या हातावर होता. गिअर बदलायचा असला की दोन्ही हात मिळून बदलत.

दुसऱ्या दिवशी काकूंची बाज घरातल्या मागच्या खोलीतून पुढे, काकांच्या बाजेशेजारी आली. त्या उन्हाळ्यात दोघं पांढुर्ण्याच्या बाजारात गेली, मुलीकडे छिंदवाड्याला राहून आली. जाम नदीच्या काठी, सावरगावच्या बाजूला गाडी लावून काकूंनी पाण्यात पाय सोडून चिवडा खाल्ला, असं काका मला सांगत आले. तेवढंच लाभलं. पावसाळ्यात काकूंचं पोट पुन्हा बिघडलं आणि नागपूरहून त्या परत आल्या नाहीत.

काकूंच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, मुलगी सासरी गेली. एका संध्याकाळी मी काकांकडे गेलो. गल्लीत डास फार झाले होते. काका एकटेच मच्छरदाणी बांधत होते. दोन्ही बाजा तशाच लागून ठेवलेल्या आणि मच्छरदाणी दोघांची, मोठी. एका बाजूची दोरी बांधून ते दुसरीकडे येईपर्यंत पहिली सुटत होती.

"एकट्याची आणून देऊ काय बाजारातून?" मी विचारलं.

"नोको," ते म्हणाले. "हेच बरी हाये."

मी काकूंच्या बाजेकडून मच्छरदाणीची कड धरली आणि गादीखाली नीट खोचून दिली.