सोलर कुकर आणि कोंडिरामचं रॉकेल

कोंडिराम रॉकेलच्या रांगेत गप्प उभा राहिला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण गप्प राहील तो कोंडिराम कसला!

तिकडे आखातात युद्ध पेटलं होतं आणि इकडे भाईंदरला रेशन दुकानासमोर माणसं डबे घेऊन ताटकळत होती. "तेलाचे दिवस संपले आता," कोंडिराम रांगेला सांगत होता. "पुढं सगळा स्वयंपाक सूर्यावर. आमच्याकडं तर चालू पण झालाय. सोलर कुकर हाय आपला, गच्चीवर!"

"शिजतं का पण त्यात?" मागच्या माणसाने विचारलं.

"फर्स्ट क्लास!"

खरं सांगायचं तर प्रदर्शनातून सवलतीत आणलेल्या त्या पेटीत महिनाभरात काहीच धड शिजलं नव्हतं. कोंडिराम सकाळी ती गच्चीवर मांडून कारखान्यात निघून जायचा. दुपारी त्याची बायको भीमाबाई टणक तांदूळ खाली आणून मुकाट्याने स्टोव्हवर चढवायची. पण हे रांगेत कोण सांगतो? आणि मागचा माणूस रेशनिंगचा इन्स्पेक्टर आहे, हे तरी कुणाच्या कपाळावर लिहिलेलं असतं?

इन्स्पेक्टरने कार्ड मागून घेतलं. गॅसवाल्यांच्या कार्डावर मारतात तसा शेरा मारला, 'पर्यायी इंधन उपलब्ध', आणि कोटा बंद. दुकानदाराने रिकामा डबा परत दिला. "काका, आपका तो सूरज पे पकता है ना? फिर?"

घरी भीमाबाईने कपाळावर हात मारला. "आवं, कुणी इचारलं व्हतं तुमाला? स्टोव्हातलं तेल शनिवारपतूर पुरलं तर नशीब. मग काय जाळू, तुमची ती पेटी?"

कोंडिरामने अर्ज केला. शनिवारी बारा वाजता येऊन बघतो, कुकर चालत नसेल तर शेरा रद्द, असं उत्तर मिळालं. म्हणजे काम सोपं होतं. महिनाभर जे रोज होत होतं, तेच एकदा साहेबासमोर व्हायचं होतं.

शनिवारी कोंडिरामने रजा टाकली. भीमाबाईने तांदूळ ठेवले, पेटीचं तोंड मुद्दाम पाण्याच्या टाकीकडे वळवलं आणि नवऱ्याला बजावलं, "हात लावाल तर याद राखा!"

बारा वाजले, एक वाजला, इन्स्पेक्टरचा पत्ता नाही. कोंडिराम गच्चीवर एकटाच. एवढं कडक ऊन पेटीच्या आरशाच्या बाजूने फुकट चाललेलं त्याला काही बघवेना. जरासं सरकवलं तर काय बिघडतंय, म्हणून त्याने पेटी जराशी सरकवली. सूर्य पुढे गेला, तशी आणखी जराशी. कारखान्याच्या पायी हे त्याला आजवर कधी जमलंच नव्हतं.

अडीच वाजता इन्स्पेक्टर आला. भीमाबाईने झाकण उघडलं आणि वाफेने साहेबाचा चष्माच धुरकट झाला. आत पांढराशुभ्र, मोकळा भात!

इन्स्पेक्टर माणूस वाईट नव्हता. त्याने चष्मा पुसला, भीमाबाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कागद काढला. "मी काही खात नाही. कार्डधारकाचं म्हणणं लिहून घेतो, बस्स. बोला, शिजतं की नाही?"

"कच्चा हाय म्हणा," भीमाबाई दातओठ खात पुटपुटली.

कोंडिरामने चार शितं तोंडात टाकली. चावली. त्याचे डोळेच भरून आले. महिनाभर बायको हसली, शेजारी हसले, आणि आज हे!

"साहेब," तो म्हणाला, "असा भात आपण जन्मात खाल्ला नाही!"

इन्स्पेक्टरने सुस्कारा सोडला आणि तसं लिहून घेतलं.

त्याच संध्याकाळी स्टोव्ह भकभकून विझला. शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी पहाटे पाचला, पहिल्या पाळीला निघताना कोंडिरामने भीतभीतच विचारलं, "चहा ठेवतीस का गं?"

भीमाबाईने अंथरुणातूनच खिडकीबाहेरच्या काळोखाकडे पाहिलं.

"ठेवते की," ती म्हणाली आणि कूस बदलली. "उगवू द्या त्याला."