बादशाचं औषध

बादशाने वाटीतला हिरवा अर्क हुंगला, नाक फेंदारलं आणि पंजाच्या एका फटक्यात वाटी विशाखाच्या ओढणीवर पालथी केली.

"बघ आई! पहिलाच डोस वाया गेला."

"जाऊ दे," पोळ्या लाटता लाटता नागुबाई म्हणाल्या. "मी चाखून बघितलाय. गवत उकळल्यावानी लागून राहिलंय. त्या मुक्या जनावरानं काय पाप केलंय?"

बादशाचं पाप एवढंच, की तो लॅब्राडोर असूनही लांबून म्हशीच्या रेडकासारखा दिसायचा. शिवाय तो विशाखाच्या गाईडचा, वीरण्णा सरांचा कुत्रा होता. विशाखा लातूरला पीएच.डी. करत होती. तुतीच्या पानांच्या अर्काने लठ्ठ प्राण्यांची चरबी उतरते का, हा तिचा विषय. प्रयोगशाळेतले उंदीर जरासे उतरले, तेवढ्यात सरांना नांदेडला महिनाभराचं प्रशिक्षण लागलं. सरांच्या बायकोचं, म्हणजे बाईंचं, माहेरही तिथलंच, पण माहेरी कुत्रं चालत नव्हतं. सरांनी साखळी विशाखाच्या हातात दिली.

"उंदरांचं झालं. आता ह्याला बारीक करून दाखव, मग प्रबंधावर सही. आणि ध्यानात ठेव, आमचा बादशा शुद्ध शाकाहारी हाय."

नागुबाईंनी अर्क दूध-भाकरीत कालवला. बादशाने कोरडी भाकरी वेचून खाल्ली. तुपात कालवला, तर तूप चाटून अर्क शिल्लक ठेवला. मग रविवार उजाडला. गॅसवर मटण रटरटू लागलं आणि आमंत्रण मिळाल्यासारखा बादशा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसला.

"आई, नको! सरांनी बजावलंय."

"सर नांदेडात हायेत. आन् मी अर्क देऊन राहिले. रस्सा निस्ता निमित्ताला."

बादशाने ताटलीचा तळ चाटून लख्ख केला. अर्क पोटात गेला म्हणून विशाखालाही हायसं वाटलं.

पण एकदा रश्श्याची चव लागल्यावर बादशा माघार घेईना. चार दिवसांत नुसत्या रश्श्याला तो तोंड लावेना; फोडी लागायच्या. डोस दोन वेळचा, म्हणून मटणही दोन वेळचं. घरात एवढं मटण रोज कुठून येणार? ते पंढरीरावांच्या ताटातून येऊ लागलं. पंढरीराव म्हणजे विशाखाचे वडील, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. दारातून आधी त्यांचं पोट आत यायचं, मग ते.

"हे काय हाय माझ्या ताटात?"

"दोडका."

"आन् त्याच्या?"

"औषध."

"मंग मलाबी बिमार पाडा की!" म्हणत पंढरीरावांनी दोडका गिळला.

पंधरवड्याने विशाखा बादशाला वजनाला घेऊन गेली. ओळखीच्या ग्यानोबा आडत्याच्या सोयाबीनच्या काट्यावर तो कसाबसा मावला. ग्यानोबाने आकडा वाचला आणि कौतुकाने विचारलं, "विकायचाय का?"

विशाखाला रडूच फुटलं. चार वर्षांचा अभ्यास तिच्या डोळ्यांदेखत जाड होत चालला होता. मटण बंद केलं, तर बादशाने असा गळा काढला की गल्लीतले लोक कोण गेलं म्हणून विचारायला आले. शेवटी मटण चालू ठेवून त्याला पळवायचं ठरलं. हे काम पंढरीरावांकडे आलं.

रोज सकाळी बादशा कोपऱ्यापर्यंत डुलत जायचा. तिथे मटणाच्या दुकानाचा वास आला, की तो सुटायचा आणि साखळीला लोंबकळत पंढरीराव मागे धावायचे. परतताना मात्र बादशा रस्त्यात आडवा व्हायचा. मग रिक्षा करावी लागे. रिक्षात तो ऐसपैस पसरल्यावर पंढरीरावांना जागा उरत नसे. ते मागून चालत यायचे.

महिना संपला. सरांचे फोन येऊ लागले. विशाखा ते उचलेना, तेव्हा सर आणि बाई सरळ दारातच येऊन उभे राहिले. महिनाभर सासुरवाडीचा पाहुणचार झोडल्याने सरांच्या शर्टाचं मधलं बटण शेवटच्या घटका मोजत होतं.

आवाज ओळखून बादशा बाहेर आला. म्हणजे अर्धा आला. उरलेला यायला थोडा वेळ लागला.

"विशाखा! हे काय केलंस?" सर किंचाळले.

विशाखाने मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. अर्क, रस्सा, फोडी, रिक्षा, काही लपवलं नाही.

सर मटकन बाजेवर बसले. "मटण? माझ्या बादशाला?"

बादशाने एकवार त्यांच्याकडे बघितलं आणि तो पुन्हा स्वयंपाकघरात गेला.

"सर, प्रबंधात मी हे जसंच्या तसं लिहिणार," विशाखा पुटपुटली. "सही नाही केलीत तरी."

सरांनी एकदा स्वयंपाकघराकडे बघितलं. मग त्यांनी खिशातून पेन काढलं. "लिही बाई. उंदरांचं खरं लिहिलंस, तसं ह्याचंबी लिही. सही करतो."

एवढ्यात एका हातात चहाचा ट्रे आणि दुसऱ्या हातात विजारीची कंबर धरून पंढरीराव बाहेर आले. बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"अगं बया! हे विशाखाचे बाबा? नागुबाई, ह्यांना काय दिलं तुम्ही?"

"ह्यांना? कुठं काय दिलं. महिनाभर दोडका आन् पळापळ."

बाईंनी पंढरीरावांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग सरांना न्याहाळलं. मग पदर खोचला.

"नागुबाई, बादशाला मी घेऊन जाते. ह्यांना महिनाभर ठेवून घेता का?"

सर ताडकन उठले. शर्टाचं बटण टपकन चहात पडलं. त्यांनी केविलवाण्या नजरेने पंढरीरावांकडे बघितलं.

पंढरीराव ट्रे ठेवून बाजेवर टेकले आणि थोडे सरकले. "बसा सर," ते मायेनं म्हणाले. "दोडक्याच्या शिरा काढता येतात का?"